चितवन: गेंड्यांचे शेजारी

नेपाळला जाणारे प्रवासी काठमांडूला पशुपतिनाथाचे दर्शन घेतात, पोखऱ्याच्या फेवा तलावात नौकाविहार करतात आणि हिमशिखरांची छायाचित्रे काढून परततात. पण याच देशाच्या दक्षिणेला, बिहारच्या सीमेलगत, चितवनचे अरण्य आहे. माणसाहून उंच गवत, राप्ती व नारायणी नद्यांचे पाणी आणि सालवृक्षांची दाट सावली! एकशिंगी गेंड्याला आणखी काय हवे?

एके काळी हे नेपाळच्या राणा घराण्याचे शिकारीचे रान होते. डिसेंबर १९११ मध्ये इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज येथे शिकारीला आले, तेव्हा थोड्याच दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. तरीही अरण्य टिकले, कारण त्याचे खरे राखणदार होते हिवतापाचे डास! त्यांच्या भीतीने बाहेरचे लोक येथे वस्ती करायला धजत नसत. पिढ्यान् पिढ्या राहणारे थारू लोकच काय ते तग धरून होते.

१९५० नंतर डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात आणला गेला आणि डोंगराळ भागातील गरीब शेतकऱ्यांचे लोंढे तराईत उतरले. झाडे तोडून शेते केली गेली. १९७० च्या आधीच गेंडे जेमतेम शंभर उरले होते.

मग सरकार जागे झाले. जंगलात वसलेल्या हजारो लोकांना हलवण्यात आले आणि १९७३ मध्ये चितवन हे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनले. पहाऱ्याला सैन्य आले. १९८४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले.

गेंडे वाढू लागले, पण काठावरच्या गावांच्या मनात अढी बसली. ज्या रानातून काल चुलीसाठी सरपण आणि गुरांसाठी चारा येत होता, तेथे आज पाऊल टाकणे गुन्हा ठरले होते. वर्षातून एकदा, ठरावीक दिवस, छपराचे गवत कापून नेण्याची तेवढी मुभा होती. गेंड्याला मात्र कोणाचीच परवानगी लागत नव्हती. रात्री नदी ओलांडून तो भाताचे शेत फस्त करून जाई. अशा गावातल्या माणसाने चोरट्या शिकाऱ्याला वाट दाखवली, तर दोष कोणाला द्यायचा?

या प्रश्नाचे उत्तर १९९३ मध्ये कायदा बदलून शोधण्यात आले. उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या गावांना देण्याची तरतूद झाली. त्या पैशातून शाळा, रस्ते, गोबरगॅस अशी कामे होऊ लागली. सौराहाजवळच्या बाघमारा येथे उजाड जमिनीवर गावकऱ्यांनी झाडे लावली. ते गावाच्या मालकीसारखे जंगल झाले आणि गेंडे तेथेही येऊन राहू लागले.

पुढे मोठीच परीक्षा झाली. माओवादी संघर्षाच्या काळात सैन्याच्या चौक्या कमी कराव्या लागल्या आणि शिकाऱ्यांचे फावले. २००० मध्ये चितवनमध्ये ५४४ गेंडे होते, ते २००५ मध्ये ३७२ वर आले. २००६ मध्ये शांतता झाली. सैनिकांच्या जोडीला गावोगावचे तरुणही गस्त घालू लागले. २०११ या संपूर्ण वर्षात नेपाळमध्ये एकाही गेंड्याची चोरटी शिकार झाली नाही. २०२१ च्या गणनेत चितवनमध्ये ६९४ गेंडे आढळले.

वाघांचेही तसेच. २००९ मध्ये नेपाळमध्ये १२१ वाघ होते, २०२२ मध्ये ते ३५५ झाले. जगाने कौतुक केले. पण वाघ वाढले की गवत कापायला गेलेली एखादी बाई संध्याकाळी घरी परतत नाही. सरकार भरपाई देते, पण पोरक्या झालेल्या मुलांना आई कोण देणार?

गेंडा पाहून आनंदाने परतणाऱ्या प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवावे. त्याच्या तिकिटाचे पैसे काही तासांत वसूल होतात. त्या गेंड्याची खरी किंमत मात्र काठावरचे शेजारी रोज मोजत असतात. त्यांचा वाटा त्यांना मिळत राहिला, तरच हे रान राहील.