फरशीचे पॉलिश : घाई नको, अॅसिड तर नकोच



घरात लग्नकार्य निघाले की आधी रंगकामाचा बेत होतो. भिंती उजळतात आणि मग पायाखालची काळवंडलेली लादी डोळ्यांत खुपू लागते. ती उखडून नवी टाइल बसवायची तर खर्च मोठा, राडारोडा त्याहून मोठा. बहुतेक घरांत त्याची गरजही नसते. जुनी लादी घासून, सांधे भरून पुन्हा चकचकीत करता येते. मात्र त्यासाठी आपल्या घरातील फरशी कोणत्या जातीची आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

चाळीत, वसाहतीत, जुन्या क्वार्टर्समध्ये बहुधा मोझॅकची लादी असते. सिमेंट, रंग आणि संगमरवराची खडी दाबून ती बनवतात. खडीचा हा वरचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा घासता येते. गावाकडची शहाबादी, तसेच कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड. यांनाही पॉलिश होते. चकाकी असलेल्या सिरॅमिक टाइलला मात्र मशीन लावू नये. तिची चकाकी म्हणजे वरचा पातळ काचेसारखा थर. तो घासला गेला की परत येत नाही. तिथे फक्त सांधे खरवडून नव्याने भरावेत.

आता मोझॅकचे काम क्रमाने पाहू.

प्रथम सगळ्या लाद्यांवर नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल ती लादी सुटलेली समजावी. ती काढून माल भरून पुन्हा बसवावी आणि आठवडाभर पक्की होऊ द्यावी. हे न करता मशीन फिरवले तर लादी कडेने फुटते.

घासण्यासाठी कार्बोरंडमचे दगड लागतात. आधी साठ नंबरचा, मग एकशेवीस, शेवटी तीनशेवीस. नंबर वाढतो तसा दगड बारीक होतो. पहिल्या घासणीनंतर लादीतील बारीक छिद्रे आणि सांधे उघडे पडतात. त्यांत पांढरे सिमेंट व लादीच्या रंगाची पूड पाण्यात कालवून भरावी आणि आठवडाभर ओलसर गोणपाट घालून ठेवावे. पॉलिशवाला घाईत असला की नेमका हाच टप्पा गाळला जातो. सांधे कच्चे राहतात आणि सहा महिन्यांत पुन्हा काळे पडतात. म्हणून पैसे ठरवतानाच किती दगड फिरवणार आणि सांधे किती दिवस मुरू देणार, हे विचारून घ्यावे. एकच खोली असेल तर निम्मी आधी, निम्मी नंतर करावी; संसार एका बाजूला सरकवता येतो.

शेवटच्या घासणीनंतर ऑक्झॅलिक अॅसिडची पूड भुरभुरून, थोडे पाणी शिंपडून नमद्याने जोरात घासतात. प्रमाण चौरस मीटरला साधारण 33 ग्रॅम. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला तीनशे ग्रॅम पुरे. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे आणि मग मेणपॉलिशचा अगदी पातळ हात द्यावा. जाड थर दिला तर धूळ चिकटते आणि पाय घसरतो. मोरीत व संडासात मेण लावूच नये.

हल्ली बाजारात सीलर मिळते. त्याची गरज आहे का, ते घरीच पाहता येते. लादीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. दहा मिनिटांत तिथे काळपट डाग उमटला तर लादी पाणी पिते, सीलर उपयोगी. थेंब तसेच राहिले तर खर्च करू नये. तळमजल्यावर आणखी एक परीक्षा घ्यावी. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस-रात्र फरशीवर ठेवावा. आतून दव जमले तर ओल जमिनीतून वर येते आहे. अशा फरशीवर सीलरचा थर दिला तर तो फुगतो, पांढरट होतो. आधी ओलीचा बंदोबस्त करावा. काही सीलरमध्ये पेट घेणारे द्रव्य असते. एका खोलीच्या घरात ते लावताना गॅस, स्टोव्ह, मेणबत्ती, अगरबत्ती सर्व बंद ठेवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना शेजारी पाठवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ घरांत संडास साफ करायचे अॅसिड फरशीवर ओततात. फेस येतो, मळ निघाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो फेस म्हणजे तुमची लादी विरघळत असते. सिमेंट, संगमरवर, शहाबादी या सर्वांना अॅसिड खाते. पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पूर्वीपेक्षा जास्त मळ धरतो. हेच अॅसिड ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरिन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. ऑक्झॅलिकची पूडही विषारी आहे आणि दिसते साखरेसारखी. ती कधीही डब्यात किंवा पुडीत उघडी ठेवू नये. चुकून पोटात गेली तर उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता, पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

मशीनचा प्लग तीन पिनांचा व अर्थिंगचा असावा. ओल्या फरशीवर जोड दिलेली वायर लोळता कामा नये. मशीनच्या लाईनवर 30 मिलिअँपिअरचा गळती-स्विच असणे उत्तम. घासकामाचा चिखल मोरीत सोडू नये. तो तळाशी बसून नळी बुजवतो आणि भांडण खालच्या मजल्याशी होते. सुपलीने बादलीत भरून बाहेर टाकावा.

आणि घासणी नेहमी पाणी टाकूनच करावी. दगड-सिमेंट कोरडे घासले, कापले की उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. 1948 च्या कारखाने कायद्यानेही या रोगाची नोंद बंधनकारक ठरवली होती. पण घरोघर फिरणाऱ्या कारागिराच्या छातीची नोंद कोण ठेवणार? आपल्याकडे मशीन घेऊन येणारा हा कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस आहे. कदाचित आपल्याच वस्तीतला, आपल्याच नात्यातला. ‘पाण्याचा राडा नको, कोरडेच उरका,’ असे त्याला सांगू नये. चांगला मास्क त्याच्याकडे नसेल तर आपण आणून द्यावा. आपल्या घरातील कोणी हे काम करीत असेल आणि खोकला, धाप महिनोन् महिने जात नसेल, तर क्षयाच्या तपासणीबरोबरच आपण कोणते काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पॉलिश टिकवायला खर्च नाही. दाराशी पायपुसणे ठेवावे, कारण बुटांतली वाळूच लादी ओरखडते. रोज झाडून, साध्या पाण्याने पुसावे. लिंबू, व्हिनेगर सांडले तर लगेच टिपून घ्यावे. इतके केले तरी घासलेली लादी वर्षानुवर्षे साथ देते.