डिझेलचा जमाखर्च

आपल्या घरांतून जमाखर्चाची वही पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पोत्यामागे किती तूट आली, सुतळीला किती पैसे गेले, हेही तीत सापडते. मात्र याच वहीत ‘डिझेल’ या सदराखाली महिनाअखेर एकच आकडा लिहिलेला असतो आणि त्याविषयी सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या दुकानातही हेच चालले होते. त्यापायी पैसा गेलाच, पण एक जुना माणूसही गमावण्याची वेळ आली होती.

जयसिंगपुरात आमचा किराणा मालाचा घाऊक व्यापार आहे. डिझेलवर चालणारी एक पिकअप गाडी रोज शिरोळ तालुक्यातील गावांना माल पोहोचविते आणि आठवड्यातून एकदा आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाते. महिन्याकाठी सुमारे ३,००० किलोमीटर धाव होते. ती चालविणारे गृहस्थ एकोणीस वर्षे आमच्याकडे आहेत. लहानथोर सारे त्यांना मामाच म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या हिशेबाला बसलो असता डिझेलचा आकडा डोळ्यांत भरला. मागील वह्या काढून पाहिल्या. पूर्वी लिटरला साडेतेरा किलोमीटर धावणारी गाडी अकरावर आली होती. तात्यांच्या मनात पहिला विचार आला तो चोरीचा, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्याही मनात तोच आला. दुसऱ्याच दिवशी टाकीच्या झाकणाला कुलूप बसले आणि किल्ली गल्ल्यात आली. मामा काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून दुपारचा चहा ते दुकानात न घेता समोरच्या टपरीवर घेऊ लागले.

सौभाग्यवतींनी मात्र मला एक साधा प्रश्न विचारला : “मोजले का तुम्ही?” मोजले नव्हते. मग तेही केले. पंपावर मी स्वतः जाऊन टाकी पूर्ण भरली, मीटरचा आकडा लिहिला, कुलूप लावले. आणि पुढच्या खेपेस त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरून, जेवढे डिझेल बसले त्याने धावलेल्या किलोमीटरांस भागले. असे तीन वेळा केले. तिन्ही वेळा उत्तर अकराच्या आसपासच आले. कुलूपबंद टाकीतून डिझेल कोणी काढीत नव्हते. ते रस्त्यावरच जळत होते.

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक हाताने फिरवून पाहिले. मागचे डावे चाक जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबले. चाकातील ब्रेकचा सिलिंडर जाम झाल्यामुळे लायनर ड्रमला सतत घासत होते. म्हणजे गाडी वर्षभर अर्धवट ब्रेक दाबूनच धावत होती. चारही टायरांत हवाही बरीच कमी निघाली. “गाडी जड चालते, मालक,” असे मामांनी आम्हाला दोनदा सांगितले होते, हे त्या क्षणी आठवले. ‘सर्व्हिसिंगच्या वेळी पाहू,’ असे म्हणून मीच ते टाळले होते.

आता हिशेब पाहा. साडेतेराच्या मानाने महिन्याला २२२ लिटर पुरतात, अकराच्या मानाने २७३ लागतात. फरक ५१ लिटरांचा. लिटरला ९० रुपये धरले तरी वर्षाला चोपन्न हजारांवर रक्कम जाते. घाऊक किराण्यात निव्वळ तीन टक्के सुटतात असे मानले, तर एवढी रक्कम मिळविण्यासाठी अठरा लाखांचा माल विकावा लागेल. दुरुस्तीचा खर्च यापुढे किरकोळच होता.

इंजिनाच्या ‘ट्यूनिंग’विषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून किंवा डिझेल पंपाचे टायमिंग बसवून कुशल मिस्त्री ॲव्हरेज वाढवीत असे. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलची फवारणी संगणक ठरवितो. तेथे फिरवायला स्क्रू उरलेला नाही. आता ट्यूनिंग म्हणजे गाडी कंपनीने ठरविलेल्या मूळ स्थितीत राखणे. नोझल साफ आहेत का, थर्मोस्टॅट उघडा अडकून इंजिन गरजेपेक्षा थंड तर चालत नाही ना, ऑइल सांगितलेल्या ग्रेडचेच आहे का, हे पाहावे. ओझे नसतानाही काळा धूर निघत असेल तर डिझेल पुरते जळत नाही असे समजावे. एअर फिल्टरबाबत थोडा तारतम्याचा विचार हवा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचणीत नव्या पद्धतीच्या पेट्रोल मोटारींत फिल्टर तुंबल्याने ॲव्हरेजमध्ये विशेष फरक पडला नाही, वेग पकडण्याची ताकद मात्र घटली. तरीही फिल्टर वेळेवर बदलावाच. पण तेवढ्याने ॲव्हरेज वाढेल, या आशेवर राहू नये. ‘चिप बसवून देतो, लिटरला तीन किलोमीटर वाढतील’ म्हणणाऱ्यांना तर दारातूनच नमस्कार करावा. त्यात गाडीची वॉरंटी जाऊ शकते आणि धुराची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते.

याहून मोठी बचत चालविणाऱ्याच्या पायात असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ६० वरून ८० वर गेलो की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. पेट्रोलियम मंत्रालयाच्या आश्रयाखाली १९७८ पासून काम करणारी पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सुचवीत आली आहे तो याचसाठी. पुढे सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबायचा आणि जवळ जाऊन करकचून ब्रेक मारायचा, यात आधी डिझेल देऊन वेग विकत घेतला जातो आणि मग तो ब्रेकच्या उष्णतेत फुंकला जातो. लांबूनच पाय काढावा. माल उतरविताना गाडी चालू ठेवण्याची सवयही अशीच. दुकानदाराशी हिशेब होईपर्यंत इंजिन घुरघुरत राहते, आणि दहा दुकानांचे मिळून तासभर सहज होते.

घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचविणारे पुष्कळ जण आहेत. हा जिवावरचा प्रकार तर आहेच, शिवाय त्यात बचतही नाही. फवारणी संगणकाच्या हाती असलेल्या इंजिनात, गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की डिझेल बंद होते. चाकेच इंजिन फिरवितात आणि गाडी आवरूनही धरतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते आणि सारा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदतही जाते. आंबा घाटातील वळणांवर हे करून पाहण्याची कल्पनाही नको.

टायरमधील हवा गाडी थंड असताना, पंधरवड्यातून एकदा, लादलेल्या मालाच्या मानाने तपासावी. हे काम पाच मिनिटांचे आहे, म्हणूनच ते राहून जाते.

ज्या घरी मालाची गाडी आणि घरची मोटार अशी दोन्ही वाहने आहेत, त्यांनी आणखी एक गणित ध्यानात घ्यावे. वीसचे ॲव्हरेज बावीस झाले की शंभर किलोमीटरमागे अर्धा लिटरही वाचत नाही. दहाचे बारा झाले तर दीड लिटरहून अधिक वाचते. वाढ दोन्हीकडे दोनचीच. तेव्हा आधी मालाच्या गाडीकडे पाहावे. आपण बहुधा उलट करतो. मोटार दर रविवारी धुतली जाते आणि पिकअप बंद पडल्यावरच मिस्त्रीकडे जाते.

आमच्या गाडीचे ब्रेक मोकळे झाले, हवा भरली आणि पुढच्या तीन मापांत आकडा तेराच्या वर गेला. त्या संध्याकाळी तात्या कुलूप काढायला स्वतः गाडीपाशी गेले. “मामा, आमचे चुकले,” एवढेच म्हणाले. मामांनी बोनेटवर हात ठेवून सांगितले, “मालक, कुलूप राहू द्या, रात्री गाडी रस्त्यावर उभी असते. पण किल्ली माझ्याकडं असू द्या.”

किल्ली आता त्यांच्याच खिशात असते. शिवाय गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. तारीख, मीटर, लिटर आणि ‘गाडीची तक्रार’ असे चार रकाने तीत मामा स्वतः भरतात. गेल्या महिन्यात शेवटच्या रकान्यात त्यांनी ‘क्लच सुटतोय’ असे लिहिले होते. या खेपेस गाडी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडे गेली.