पीं पीं आणि ठणठणगोपाळ

माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक अध्यात्माची आणि दुसरी मेहुण्याची. मी पहिलीला लागण्याच्या बेतात होतो. ज्ञानेश्वरीला नवं कव्हरसुद्धा घातलं होतं. तेवढ्यात एका रविवारी सकाळी आमचे मेहुणे तीन खोकी बगलेत मारून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दाजी, आता तुम्ही नुसतं बसायचं नाही."

खोक्यांतून तीन मेटल डिटेक्टर निघाले. लांब दांडा, खाली थाळीसारखी चकती आणि वर कोपराशी बॅटरीचा डबा. एक स्वतःचं, एक मित्राचं, एक दुकानदाराकडून आठवड्याच्या बोलीवर आणलेलं. तिन्ही चालवून पाहायची, सगळ्यांत चांगलं ठेवायचं आणि गुप्तधन शोधायचं, असा बेत होता.

भोसरीच्या कारखान्यात मी छत्तीस वर्षं काढली. त्या छत्तीस वर्षांत रोज संध्याकाळी गेटवरच्या वॉचमननं माझा डबा उघडून त्यात एखादा नटबोल्ट नाही ना, हे पाहिलं. जन्मभर माझ्याकडे धातू आहे का, हे जगानं तपासलं. आता जगाकडे आहे का, हे मी तपासावं, म्हणजे फिटंफाट झाली असती. मी मोहात पडलो, हे कबूल करतो.

मेहुण्यांच्या डोक्यात हे वेड शिरलं ते चिखलीच्या बातमीनं. आमच्या यमुनानगरहून चिखली म्हणजे रिक्षाचं अंतर. तिथे एका बांधकामाच्या खोदाईत मजुरांना जुनी सोन्याची नाणी सापडली. त्यांनी ती कुणाला न सांगता घरी नेली आणि २०२१ च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ती जप्त केली. २१६ नाणी, वजन २ किलो ३५७ ग्रॅम. १७२० ते १७५० या काळातली, असं तेव्हा जाहीर झालं. सोबत कांस्याचं एक तुटकं भांडं. मी जन्माचा इन्स्पेक्टर, म्हणून भागाकार केला. नाण्यामागे जवळजवळ अकरा ग्रॅम. मोगल मोहरेचं वजन एवढंच असतं. हिशेब चोख होता.

"पाहिलंत?" मेहुणे म्हणाले. "आणि चिखलीतल्या वाडीचं नाव काय? कुदळवाडी! गावाच्या नावातच निरोप आहे, दाजी!"

आता कुदळवाडी ही वर्षानुवर्षं भंगाराच्या गोदामांची वाडी होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं ती गोदामं पाडली. अशा ठिकाणी धातू शोधायला यंत्र नेणं म्हणजे मंडईत मेथी शोधायला दुर्बीण नेण्यासारखं. पण मेहुण्यापुढे तर्क चालत नाही.

सोसायटीच्या बागेत परीक्षा सुरू झाली. पहिलं यंत्र सगळ्यांत स्वस्त. ते चालू केल्याबरोबर पीं पीं करू लागलं आणि थांबेचना. बागेतली माती म्हणजे बिल्डरनं टाकलेला भराव. त्यात सळयांचे तुकडे, बाइंडिंगची तार, खिळे. शिवाय आमचा पट्टा असा, की इथे १९६० नंतर कारखाने आले आणि लेथवरून उडालेली बरी मातीत मातीपेक्षा जास्त झाली. यंत्र एका झाडापाशी गेलं, पीं. बाकापाशी गेलं, पीं. बाकावर बसलेल्या निवृत्त फोरमनसाहेबांपाशी गेलं आणि त्यांच्या गुडघ्याशी किंचाळलं. त्यांच्या गुडघ्यात ऑपरेशनची पट्टी आहे. "हे मात्र खरं धन," फोरमनसाहेब म्हणाले. "बिल दाखवू का?"

दुसऱ्या यंत्रात पंक्तिभेदाची सोय होती. बटण फिरवलं की ते लोखंडाला पंगतीतून उठवतं आणि सोन्याचांदीलाच पाट मांडतं. ऐकायला फार गोड. पण या यंत्राला सोन्याचा रंग कळत नाही. चकतीतून निघालेल्या चुंबकीय लहरींना जमिनीतला तुकडा कसा जबाब देतो, एवढंच त्याला कळतं. आणि बाटलीचं अ‍ॅल्युमिनियमचं टोपण किंवा गोळ्यांच्या पाकिटाची चांदी पुष्कळदा सोन्याच्या बारीक दागिन्यासारखाच जबाब देते. चांदीकडे दुर्लक्ष कर म्हणावं, तर ते अंगठीकडेही दुर्लक्ष करतं. तासाभरात आम्ही सोसायटीच्या रक्तदाबाचा पुरा इतिहास खणून काढला.

तिसरं यंत्र लहरी अखंड सोडण्याऐवजी ठोके देतं. खनिजं असलेल्या जमिनीत ते जरा जास्त खोल पाहतं. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर स्वतःच लोहयुक्त असल्यानं साधी यंत्रं इथे भांबावतात, तेव्हा हे बरं. पण या थोरल्या भावाला लोखंड आणि सोनं यातला फरक धड सांगता येत नाही. म्हणजे ज्याला दिसतं त्याला कळत नाही आणि ज्याला कळतं त्याला दिसत नाही. कारखान्यात माझे काही साहेब असेच होते.

आणि खोली? दुकानदार दहा फूट सांगतो. नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर दीड वीत खाली असली तरच ही यंत्रं तिचा धड पत्ता लावतात. यंत्राचा वंशही पाहा. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन धावले. गोळी सापडली नाही. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनीही यंत्राला चकवलं, असं सांगतात. ज्याच्या मूळपुरुषाला गादी आडवी आली, त्याला आमची भोसरी आडवी आली तर नवल नाही.

इथवर विनोद झाला. आता भांडणाला बसतो, कारण मेहुणे दुसऱ्या दिवशी म्हणाले, "इथे भंगार फार आहे. चाकणला जाऊ. संग्रामदुर्गावर."

माझं डोकं फिरलं. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवलेला तो भुईकोट. सुरुंग लावून बुरूज उडवला, तेव्हा कुठे तो पडला. तिथल्या मातीत बंदुकीची एखादी गोळी असेल, तर ती कुठल्या बाजूला पडली आहे, किती खोल आहे, कुठल्या थरात आहे, हीच तिची किंमत. मेहुण्यांच्या खिशात आली की ती शिशाची गोटी.

माझा वाद यंत्राशी नाही. कुठलं यंत्र चांगलं, हा प्रश्नच मला मंजूर नाही. चिखलीचंच घ्या. त्या मोहरा पोलिसांना मिळाल्या, वजन मिळालं, अदमासे किंमतही मिळाली. पण भांडं भिंतीच्या पायाशी होतं की शेताच्या बांधावर? वर फरशी होती का? शेजारी चूल होती का? बाजीराव आणि नानासाहेबांच्या काळात, पुण्याच्या इतक्या जवळ, मोगली मोहरा कुणी पुरल्या? सावकारानं, शिपायानं, की पळून जाणाऱ्या कुणी? मोहोर बोलते ती आजूबाजूच्या मातीच्या सोबतीनं. एकटी उचलली की ती मुकी होते. उरतो फक्त सराफाचा भाव.

"विलायतेत चालतं की," मेहुणे म्हणाले. चालतं. २००९ साली स्टॅफर्डशायरच्या शेतात अशाच एका हौशी माणसाला साडेतीन हजारांहून अधिक तुकड्यांचं घबाड लागलं. पण त्यानं ते कळवलं, पुरातत्त्वाची माणसं शेतात आली, आणि मोबदला त्याच्यात आणि शेतमालकात निम्मानिम वाटला गेला. तिथे १९९७ पासून, सापडलेली वस्तू घेऊन या, आम्ही नोंद करतो, असं सांगणारी माणसं नेमलेली आहेत. म्हणजे यंत्राच्या आधी टेबल आहे.

आपल्याकडे कायदा आहे, आणि तो विलायतेपेक्षा उदार आहे. १८७८ चा निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवा. धनी कुणी निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं. सरकारनं ठेवून घेतलं, तर मालाची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. लपवलं, तर वर्षापर्यंत कैद आणि वाटा बुडाला. आता मला सांगा, खड्ड्यात कुदळ मारणाऱ्या मजुराला हे कुणी सांगितलंय? चाकणपासून चिखलीपर्यंत रोज शेकडो पाये खणले जातात. प्रत्येक पायावर पाटी असते, हेल्मेट घाला. तिच्याखालीच दुसरी पाटी लावायला किती रंग लागतो? 'काही सापडलं तर हलवू नका, कळवा. तीन हिस्से तुमचे.' ही पाटी असती, तर त्या मजुरांना लपवावं लागलं नसतं आणि आपल्याला तीनशे वर्षांची एक गोष्ट कळली असती.

मेहुणे गप्प झाले. त्यांच्या बाबतीत हे १९८३ च्या विश्वचषकाइतकं दुर्मीळ आहे. यंत्र दुकानात परत गेलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. परीक्षेसाठी मी माझं पंचवीस वर्षांच्या नोकरीचं चांदीचं नाणं बागेत पुरलं होतं. कुठे, ते लिहून ठेवलं नाही. तिन्ही यंत्रांनी सारी बाग पालथी घातली. सळया निघाल्या, नाणं नाही. सौभाग्यवती रोज विचारतात आणि मी रोज ज्ञानेश्वरी उघडतो. त्याची किंमत दहा रुपयांहून नक्कीच जास्त आहे, तेव्हा पुढेमागे कुणाला सापडलं तर कलेक्टरसाहेबांना कळवणं आलं. पण त्याआधी कृपा करून जागेवर एक काठी रोवा आणि मला गॅलरीतून हाक मारा. ते मी कुठे पुरलं होतं, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचं आहे.