मागच्या आसनाचा पट्टा

डोणगावहून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेल्या मोटारीत कोण कोठे बसणार, हे न सांगताच ठरलेले असते. धाकटा मुलगा चालवतो, थोरला त्याच्या शेजारी. आजी-आजोबा आणि नातवंडे मागे. मागचे आसन मानाचे, आणि सुरक्षितही, असा समज. पुढचे दोघे दंडाच्या धाकाने का होईना, पट्टा लावतात. मागची बक्कले मात्र नव्या सीट कव्हरखाली केव्हाच गडप झालेली असतात.

हा समज किती फसवा आहे, हे 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर दिसले. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मिस्त्री व त्यांच्या शेजारी मागे बसलेले सहप्रवासी मृत्युमुखी पडले; पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मोटार मोठी, महागडी होती. पण मोटार थांबली तरी आतला मनुष्य थांबत नाही. ताशी 100 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. त्याच वेगाने तो पुढच्या आसनावर, पर्यायाने पुढे बसलेल्या आप्तावरही आदळतो.

खांदा आणि कंबर एकत्र बांधणारा आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये सिद्ध केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने घडवीत. पुढे कंपनीने हे पेटंट सर्वांना खुले केले. व्यापाराच्या इतिहासात असे औदार्य विरळा.

पट्टा हळू ओढला तर सरसर येतो, हिसका दिला तर अडतो. दारात उभ्या मोटारीतही हे पाहता येते. आतील रीळ झटक्याने फिरले की दाते अडकतात. शिवाय मोटारीचा वेग एकाएकी तुटला की आतली लहान गोळी किंवा लोलक पुढे झुकून रिळाला खीळ घालतो. अनेक नव्या मोटारींत टक्कर होताच एक बारीक स्फोटक पेटून पट्ट्याचा सैलपणा क्षणार्धात खेचला जातो. मग रिळातील धातूची कांडी पिळली जाऊन पट्टा किंचित सुटतो, म्हणजे बरगड्यांवर ताण बेताचा राहतो. ही कांडी आणि ते स्फोटक एकदाच उपयोगी पडतात. अपघातानंतर ते बदलावेच लागतात.

पट्टा छातीला रुततो, मानेला काचतो, ही वडीलधाऱ्यांची तक्रार खोटी नसते. बहुधा तो चुकीच्या जागी असतो. कमरेचा भाग पोटावर नव्हे, कटीच्या हाडांवर खाली बसावा. वरचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून जावा. पुढच्या आसनांसाठी अनेक मोटारींत खांबावर उंची बदलण्याची सरकती कडी असते. काच टाळण्यासाठी पट्टा काखेखालून घेणे मात्र घातक. मग सारा भार बरगड्यांवर येतो. लहानग्याच्या मानेवर पट्टा येत असेल तर त्याला उंच करणारे आसन घ्यावे. मांडीवरचे बाळ टकरीच्या वेळी आईच्या हातात राहत नाही, कारण त्याचा भार त्या क्षणी अनेक पटींनी वाढतो. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने बांधलेले नसल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आहे.

मोटारीच्या सुट्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत पट्ट्याचा ‘टूं टूं’ आवाज बंद करणारी खोटी कडीही मिळत असे. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती हटवण्याचा आदेश दिला, आणि 13,118 नोंदी निघाल्या. गल्ल्यावर बसणाऱ्याने आपल्याही फळीवर ती आहे का, हे एकदा पाहावे.