ग्रंथांचा अज्ञातवास

ग्रंथ मारण्याच्या दोन रीती आहेत. एक उघड : सरकारने खटला भरावा, प्रती जप्त कराव्या, ग्रंथकारास दंड ठोठवावा. दुसरी गुप्त असून तीत ग्रंथास कोणी हातही लावीत नाही. तो दुकानात असतो, त्याची किंमत ठरलेली असते, नाव घेऊन मागितल्यास तो मिळतोही. फक्त असा ग्रंथ आहे ही वार्ता गिऱ्हाइकाच्या कानी पडत नाही. पहिल्या रीतीविषयी आमच्या समाजात पुष्कळ वादविवाद झालेले आहेत. दुसरीचा विचार मात्र फारसा होत नाही, आणि ज्या घरांत आज पुस्तके पार्सलाने येतात त्या घरांनी तरी तो करणे अगत्याचे आहे.

इ. स. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन या विख्यात कंपनीच्या दुकानी जो प्रकार घडला, तो या दृष्टीने बोधप्रद आहे. हे दुकान इंटरनेटवरचे. तेथे प्रत्येक पुस्तकाच्या माहितीखाली त्याचा विक्रीक्रमांक छापलेला असतो. हा आकडा केवळ शोभेचा नव्हे. अलीकडच्या खपावरून तो ठरतो व सर्वाधिक खपाच्या याद्या त्यावरून बनतात. जेथे कपाटे नाहीत व पुस्तक चाळून पाहण्याची सोय नाही, तेथे गिऱ्हाइकाची नजर प्रथम अशा यादीवरच जाते. त्या महिन्यात ईस्टरच्या सुमारास हजारो पुस्तकांचे क्रमांक एकाएकी नाहीसे झाले. त्यांत कामुक कथा होत्या हे खरे. परंतु जेम्स बाल्डविन यांची १९५६ मधील 'जोव्हानीज रूम' ही मान्यवर कादंबरी होती, आणि दोन मातांच्या घरी वाढणाऱ्या एका मुलीची, लहान मुलांसाठीच लिहिलेली, 'हेदर हॅज टू मॉमीज' ही गोष्टही होती. तीत कामुकतेचा लवलेश नाही. उलट 'प्लेबॉय' मासिकातील नग्न स्त्रियांच्या छायाचित्रांचा संग्रह आपला क्रमांक मिरवीत जागच्या जागी होता!

एका ग्रंथकाराने याविषयी पृच्छा केली, तेव्हा सर्व गिऱ्हाइकांचा विचार करून 'प्रौढांसाठीचा' मजकूर काही शोधांतून व खपाच्या याद्यांतून वगळण्यात येतो, असे उत्तर त्यास मिळाले. पुढे बोभाटा झाला. मग कंपनीने जाहीर केले की, हा वर्गवारीतील एक लाजिरवाणा घोटाळा असून त्यात ५७,३१० पुस्तके सापडली आहेत. त्यांत आरोग्य व प्रजननवैद्यक यांवरील पुस्तकेही आहेत. क्रमांक पूर्ववत लावण्यात आले. हा खुलासा खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. किंबहुना तो खरा मानला तरच खरी काळजी सुरू होते. यंत्रास पुस्तक वाचता येत नाही. पुस्तकास चिकटविलेली चिठ्ठी तेवढी त्यास वाचता येते. कोणत्या चिठ्ठीखाली काय मोडते, हे एकदा कोणी चुकीचे ठरविले की एका रात्रीत अर्धा लाखाहून अधिक ग्रंथ अंधारात जातात, आणि त्यासाठी कोणास कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आमच्याकडील जुन्या खटल्यांशी हे ताडून पाहावे. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. १९३१ मध्ये एका लेखापायी त्यांस दंड झाला. पुढे १९३४ मध्ये, वाचकांच्या हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण यांविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. १९६४ मध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या हॅपी बुक स्टॉलच्या भागीदारास झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे नागपूर उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश. उलटपक्षी चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेस त्याच न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरविले.

या निकालांपैकी काही आम्हांस पटतात, काही पटत नाहीत. पण प्रत्येक ठिकाणी आरोप लेखी होता, आरोपीस आपली बाजू मांडता आली, आणि कारणे नमूद केलेला निकाल होता. म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही कर्व्यांवर अन्याय झाला असे आम्ही म्हणू शकतो. ज्याचा केवळ क्रमांक पुसला जातो, त्याने दाद कोणाकडे मागावी? पांडवांच्या अज्ञातवासास वर्षाची मुदत होती. अर्जुन विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहिला, तो मुदत सरताच प्रकट झाला. यंत्राने लपविलेल्या ग्रंथास मुदत नसते, आणि आपण अज्ञातवासात आहो हेही ग्रंथकारास पुष्कळदा ठाऊक नसते.

आता वडीलधारी मंडळी विचारतील की, घरात दहा वर्षांचे पोरही आहे आणि सत्तरीची आजीही आहे; कामुक पुस्तके सर्वांपुढे यावीत काय? हा प्रश्न रास्त आहे. वयास न शोभणारे वाचन मुलांच्या हाती पडू नये, असेच आमचेही मत आहे. मात्र घरातील कर्ते माणूस पुस्तक वरच्या फळीवर ठेवते तेव्हा ते कोणी ठेवले व का ठेवले हे सर्वांस माहीत असते. मुलगा मोठा झाला की तेच पुस्तक त्यास मिळते. कामुक मजकूर निराळ्या दालनात ठेवावा आणि तसे दारावर स्पष्ट लिहावे. यास कोण हरकत घेईल? हरकत आहे ती दोन भिन्न ढीग एक करण्यास. पुरुषाचे पुरुषावर किंवा स्त्रीचे स्त्रीवर मन जडणे हा विषय असणे निराळे आणि पुस्तक चावट असणे निराळे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक किंवा एका मराठी घरातील भाऊ व बहीण यांचे एकाच तरुणावर प्रेम बसल्याची सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ मधील कादंबरी, यांस चावट पुस्तकांच्या गठ्ठ्यात बांधणे म्हणजे वाचल्यावाचून न्याय करणे होय.

याचा परिणाम पुण्यामुंबईच्या वाचकापेक्षा आमच्यासारख्यांस अधिक भोगावा लागतो. राजुरे १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. वर्धा नदीपलीकडील बल्लारपूर इंग्रजी मुलखात. नदी हीच सरहद्द होती. आज ती सरहद्द राहिली नाही. पलीकडच्या गिरणीत आमच्याच अरण्यांतील बांबूचा कागद होत आला. पण त्या कागदावर छापलेले हवे ते पुस्तक तालुक्याच्या गावी दुकानात मिळेल असा भरवसा नाही. २०१३ पासून अ‍ॅमेझॉनचे दुकान हिंदुस्थानातही चालू आहे, आणि येथील वाचकाची पुष्कळ भिस्त अशा दुकानांवर आहे. यादीत जे दिसत नाही, ते त्याच्या लेखी लिहिलेच गेले नाही.

कल्पना करावी की एखाद्या एकत्र कुटुंबातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलास आपले मन इतरांहून निराळे आहे असे जाणवते. वडिलांस विचारण्याची सोय नाही. आईजवळ शब्द फुटत नाही. तो चोरून पुस्तक शोधू लागतो. २००९ च्या त्या दिवसांत त्याने समलैंगिकता हा शब्द इंग्रजीत घालून शोधले असते तर काय दिसले असते? मुलांतील ही प्रवृत्ती आईबापांनी कशी टाळावी, हे शिकविणारे पुस्तक अग्रभागी आले होते. त्यास धीर देणारी पुस्तके मागे पडली होती. हा रोग नव्हे, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये मान्य केले. हा गुन्हा नव्हे, असे आमच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. तथापि त्या मुलास मात्र आपण रोगी आहो, एवढेच कळले असते. घरातील एका जिवाची ही गोष्ट आहे. तीस केवळ व्यापाराचा प्रश्न म्हणता येणार नाही.

यास्तव आमची वाचकांस विनंती एवढीच की, घरचे वाचन यादीवर सोपवू नये. जाणत्याने सुचविलेल्या ग्रंथाचे नाव टिपून ठेवावे आणि नाव घेऊनच तो मागवावा. नाव घेऊन मागितलेला ग्रंथ लपविणे दुकानदारास अवघड जाते. गावच्या वाचनालयाच्या चिटणीसांकडेही मागणी लेखी नोंदवावी. आणि घरातील एखादे पुस्तक लहानांस देण्याजोगे नसेल, तर ते का नाही व केव्हा मिळेल, हे त्यांस मोकळेपणाने सांगावे. ज्या घरात एवढे बोलणे होते, त्या घरातील मुलास चोरून शोधण्याची पाळी बहुधा येत नाही.