माळ्यावरच्या तांब्याचा भाव

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी. सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत पुनर्विकासाला निघालेली दिसते. पन्नास-साठ वर्षं भरत आलेले माळे आठवड्याभरात रिकामे होताहेत. जर्मनचे टोप, पितळेचा बंब, बंद पडलेलं शिलाई मशीन खाली येतं आणि त्यांच्याबरोबर बऱ्याच घरांत एक कापडी पिशवी किंवा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघतो, आत जुनी नाणी. भाड्याच्या घरात जायची तारीख तोंडावर आलेली असते, खाली भंगारवाला टेम्पो लावून उभा असतो आणि घरात वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, तांबं चढतंय, ठेवून द्या. दुसरा म्हणतो, काट्यावर घाला आणि मोकळे व्हा. घरातल्या पैशाबद्दलच्या या सदराकडे हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून माझं मत आधीच सांगते. धातूसाठी ही नाणी साठवण्यात अर्थ नाही. आणि धातूच्या भावाने ती विकणं हे त्याहून मोठं नुकसान आहे.

आधी वजन पाहू. 1862 पासूनचा व्हिक्टोरिया राणीचा पाव आणा, म्हणजे त्या काळचा एक पैसा, 6.48 ग्रॅमचा आणि तांब्याचा. 1906 पासून तो ब्राँझचा झाला, शंभरात 95 भाग तांबं आणि बाकी कथील व थोडं जस्त, आणि वजन 4.86 ग्रॅमवर आलं. दुसऱ्या महायुद्धात तांबं युद्धाकडे वळलं आणि 1943 मध्ये भोकाचा पैसा आला, जेमतेम दोन ग्रॅमचा. प्रजासत्ताकाचा घोड्याचा पैसा तीन ग्रॅमच्या आत. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत सुरू झाली तेव्हाचा नवा पैसा तर फक्त दीड ग्रॅमचा. 1965 पासून पैसा अॅल्युमिनियमचा झाला, म्हणजे डब्यातली ती हलकी पांढरी नाणी या हिशेबातून बाहेरच.

समजा, तांबं किलोला 800 रुपये आहे. राणीच्या पैशात सव्वापाच रुपयांच्या आतलं तांबं भरतं. पंचम जॉर्जच्या ब्राँझच्या पैशात चार रुपयांहून कमी. नव्या पैशात सव्वा रुपयासुद्धा नाही, आणि त्याची साडेसहाशेहून जास्त नाणी जमवावीत तेव्हा एक किलो होतो. हा झाला शुद्ध तांब्याचा भाव. भंगारवाला सोललेल्या तारेला जो दर देतो तो मिश्रधातूला देत नाही, आणि कुर्ला-साकीनाक्याच्या गोदामापर्यंत माल पोचवणाऱ्या प्रत्येकाचा वाटा त्यातूनच निघतो. दोन किलोंची पिशवी भरली असेल, आणि घरोघरी ती याहून हलकीच असते, तर हातात हजार-बाराशे रुपये येतील. घरातलं महिन्याचं वीजबिलही त्यात भागत नाही.

यावर लोक म्हणतात, आज नाही पण उद्या? विजेवरच्या गाड्या, सौर प्रकल्प, डेटा सेंटर, सगळ्यांना तांबं लागणार आहे. खरं आहे. पण भाव चढणं वेगळं आणि आपल्या हाती परतावा पडणं वेगळं. फेब्रुवारी 2011 मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनाला दहा हजार डॉलरची पातळी ओलांडली होती. त्यानंतर ते उतरत गेलं, 2016 च्या सुरुवातीला साडेचार हजारांच्या आसपास आलं, आणि पुन्हा दहा हजारांवर गेलं ते मे 2021 मध्ये. दहा वर्षं साठवणारा माणूस डॉलरमध्ये जिथल्या तिथे राहिला. मधल्या काळात रुपया 45 वरून 73 पर्यंत घसरला, म्हणून आपल्याकडे किलोमागे साधारण साडेचारशेचे सव्वासातशे झाले. त्याच दहा वर्षांत पीपीएफमध्ये टाकलेले साडेचारशे रुपये साडेनऊशेच्या पुढे गेले असते, आणि त्यासाठी माळ्यावर जागाही लागली नसती.

तांब्यावर खरोखर विश्वास असेल तर त्याचा बाजार आपल्याच उपनगरात आहे. ज्या एमसीएक्सवर देशातला तांब्याचा वायदा चालतो, त्याचं कार्यालय अंधेरी पूर्वेला सुरेन रोडवर आहे. तिथे तांब्याचा एक सौदा 2,500 किलोंचा असतो. राणीच्या पैशांत मोजायचं तर पावणेचार लाखांहून जास्त नाणी. धातू म्हणून तांब्याचा व्यवहार केवढ्या मापाने होतो ते यावरून कळावं. त्या बाजारात घरच्या माणसाने उतरावं असं मी मुळीच सुचवत नाही.

अमेरिकेत मात्र ही साठवण बरेच जण गांभीर्याने करतात. तिथला 1982 च्या आधीचा सेंट 95 टक्के तांब्याचा, 3.11 ग्रॅमचा, आणि आतल्या तांब्याची किंमत एका सेंटच्या दुपटीहून जास्त. डिसेंबर 2006 मध्ये तिथल्या टांकसाळीने सेंट वितळवायला बंदी घातली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये चलनासाठी सेंट पाडणंच थांबवलं. तरीही तिथल्या साठवणाऱ्याला एक भक्कम आधार आहे. तांबं कोसळलं तरी त्याचा सेंट दुकानात सेंट म्हणून चालतोच. आपल्याकडे हा आधार नाही. आणे आणि पया कधीच गेल्या, आणि 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे व त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. आपल्या डब्यातल्या पैशाला दर्शनी किंमत उरलेली नाही, त्यामुळे भाव पडला तर खाली काहीच नाही.

धातूचा मोह आपल्याकडेही झाला होता. सुट्ट्या पैशांच्या टंचाईच्या काळात, 1971 मध्ये, लहान नाणी वितळवणं आणि गरजेहून जास्त साठवणं गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेला करावा लागला. 2011 च्या नाणे कायद्याने त्याची जागा घेतली. चालू चलनातलं नाणं वितळवलं तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे भंगाराच्या पोत्यात रुपया-दोन रुपयांची नाणी मिसळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पैसा नुसता ठेवून देण्याची आपली सवय जुनी आहे असं म्हणतात, पण उलट दाखला बोरिवलीच्या डोंगरातच आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची दानं कोरलेली आहेत. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्यांनी कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, थैली गुहेत ठेवून दिली नाही. त्यांनी अक्षयनीवी दिली, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षीचा खर्च भागवायचा. त्यात मागाठाण्याच्या शेताचाही उल्लेख आहे. आज त्या मागाठाण्यात बसचं आगार आहे आणि शेजारून मेट्रो जाते. बचतीचं इतकं नेमकं शहाणपण ज्या मातीत कोरलेलं आहे, तिथे आपण तांब्याचे तुकडे दडवून श्रीमंत व्हायची वाट पाहावी, हे मला पटत नाही.

मग डब्याचं काय करायचं? प्रथम, घासू नका. देवघरातल्या ताम्हनाला लावतो तशी चिंच, लिंबू किंवा पितांबरी नाण्याला लावली की त्यावर वर्षानुवर्षं चढलेली तपकिरी झाक जाते. संग्राहकाच्या लेखी त्या झाकेलाच मोल असतं, घासलेल्या चकचकीत नाण्याकडे तो पाहतही नाही. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसा, तेवढं पुरे. मग राजा आणि साल यांप्रमाणे वेगळी करा. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर सालाखाली छोटा हिऱ्याचा आकार असेल तर ते फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, काहीच खूण नसेल तर कलकत्त्याचं. ही कामं मुलांना द्या. पंचम जॉर्ज ते सहावा जॉर्ज, मग एकदम घोडा आणि अशोकस्तंभ, हा बदल दहा वर्षांच्या मुलाच्या तळहातावर पाच मिनिटांत उलगडतो. आवड लागली तर फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहेच. घरात कलशात घालायला जपलेला एखादा राणीचा पैसा असेल तर तोही तसाच राहू द्या.

साधी, झिजलेली नाणी विकून फार मिळणार नाही. ती लाखोंनी पाडली गेली होती आणि आजही मुबलक आहेत. पण नाण्यांचा जाणकार विक्रेता त्यांना भंगारापेक्षा बरा भाव देतो, आणि क्वचित एखादं दुर्मीळ साल निघालं तर ते ओळखतो. काट्यावर राणीचा पैसा आणि गेल्या वर्षीची जळकी तार यांत काही फरक नसतो, आणि एकदा वितळलं की साल परत येत नाही.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उपनगरांत मुलं परदेशी आणि आईवडील एकटे अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या मोबाइलवर जाहिरात येते की वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला दहा लाख मिळतील, ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला पाच लाख. फोन केला की गोड आवाजात कोणी ‘काका, काकू’ म्हणत बोलतं, व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र धाडतं आणि मग नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत प्रमाणपत्र अशा नावांनी पैसे मागत जातं. दहा लाख कधीच येत नाहीत, आणि भरलेले पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे मागतो तेव्हाच फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आणि मुलांनो, आईवडिलांच्या नाण्यांचा डबा एकदा तुम्हीच त्यांच्याबरोबर बसून पाहा. किंमत किती नाही हे घरच्या माणसाकडून आधीच कळलेलं असेल, तर परक्याच्या दहा लाखांवर विश्वास बसत नाही.

एक शेवटचं, गावाकडच्या घरांबद्दल. साताऱ्या-कोकणातलं जुनं घर पाडताना जाड, ओबडधोबड तांब्याची नाणी मिळतात, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्र पति’. ही शिवराई. ती पुढच्या राज्यकर्त्यांनीही दीर्घकाळ पाडली, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते, आणि बाजारात नकली शिवरायांचा सुळसुळाट आहे. पण जमिनीत पुरलेला साठा निघाला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नाणी कुठल्या थरात, कशाबरोबर, किती खोल मिळाली हे अभ्यासकाला नाण्याइतकंच महत्त्वाचं असतं, म्हणून काही हलवण्याआधी जागेवरच फोटो काढा.