ढग लांब होता, पण...

दुबईचं शॉपिंग झालं, बँकॉक झालं, आता पुढच्या लाँग विकेंडला काय? असं ऑफिसात कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. मस्कतला उतरा, फोर बाय फोर भाड्याने घ्या आणि सरळ हजर पर्वतात घुसा.

‘ओमानमध्ये कसले पर्वत? वाळू ना सगळी?’ हा प्रश्न येतोच. अहो, आपलं कळसूबाई 1646 मीटर. तिथला जबल शम्स 3000 मीटरच्या आसपास! आणि झाडोरा जवळजवळ नाहीच. आपला सह्याद्री मे महिन्यात जसा उघडा पडतो, तसा हा बारा महिने. यातल्या काही रांगा तर चक्क समुद्राचा तळ आहेत. करोडो वर्षांपूर्वी भूपट्टांच्या रेट्यात जमिनीवर चढून बसलेला. पाण्याखालचा खडक कोरड्या वाळवंटात हाताने चाचपून बघायचा म्हणून जगभरातले भूगर्भवाले इथे येतात. आपण आपले फोटो काढतो.

ड्रायव्हिंगचं म्हणाल तर स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून. पहिल्या दिवशी प्रत्येक भारतीय वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावतो. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. जबल अख्दरच्या पायथ्याशी पोलीस गाडी फोर बाय फोर आहे का ते बघूनच वर सोडतात. ते बरंच आहे, कारण उतारावर नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापून निकामी होऊ शकतात. लो गिअर टाका आणि मागच्याला हॉर्न वाजवू दे.

पण खरी भीती घाटाची नाही. भीती वादीची.

वादी म्हणजे कोरडी नदी. डोंगरातले कच्चे रस्ते बरेचदा हिच्याच पोटातून जातात, कारण सपाट जागा तेवढीच. गंमत अशी की पाऊस तुमच्या डोक्यावर पडावाच लागत नाही. लांब, वरच्या कड्यांवर पडला तरी पुरे. उघड्या खडकात मुरायला माती नाही, अडवायला झाडं नाहीत. सगळं पाणी एकदम खाली येतं, दगडगोटे घेऊन. तुम्ही मात्र स्वच्छ उन्हात गॉगल लावून गाणी ऐकत असता. 2024च्या एप्रिलमध्ये ओमानमध्ये असाच पूर आला आणि शाळकरी मुलांची गाडी वाहून गेली. वाहत्या वादीत मुद्दाम गाडी घालणं हा तिथे गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागू शकतं.

आम्ही गेलो होतो 2019च्या जानेवारीत. मी, कॉलेजपासूनचा सीए मित्र आणि मस्कतला नोकरी करणारं एक जोडपं. ट्रिपचा हायलाइट होता शेवटचा दिवस. अल हमराहून खिंडीपर्यंत चढायचं, मग पलीकडे कच्च्या रस्त्याने बिलाद सैत गावावरून वादी बनी औफमध्ये उतरून रुस्ताक गाठायचं. तिथे गरम पाण्याचा झरा आहे. ऑडिट सीझनने पाठीचं वाटोळं झालेला सीए तीन दिवस त्या झऱ्याचाच जप करत होता. रूमही बुक, पैसे परत मिळणार नव्हते.

खिंडीत पोहोचलो तर समोर अफाट दरी, रस्ता दोऱ्यासारखा खाली गेलेला, आमच्या डोक्यावर निळंशार आकाश. फक्त पूर्वेला, बऱ्याच लांब, कड्यावर एक काळा ढग बसलेला. पिकअपमधून आलेले एक ओमानी आजोबा थांबले. आमची अरबी शून्य, त्यांचं इंग्लिश शून्य. त्यांनी ढगाकडे बोट केलं, मग दरीकडे. हाताचा पंजा आडवा धरून जोरात पुढे ढकलला आणि म्हणाले, ‘वादी, वादी.’ आणि परत गेले, ज्या बाजूने आम्ही आलो होतो त्याच बाजूला.

‘ढग इतका लांब आहे! दोन तासांत उतरू,’ सीए म्हणाला. जोडप्यातला नवरा त्याच्या बाजूने, बायको माझ्या. मोबाइलला रेंज नाही. पहाटे मुंबईची फ्लाइट. खाली अरुंद घळीत दोन्ही बाजूंना भिंती, म्हणजे पाणी आलं तर गाडी वळवायलाही जागा नाही. गाडी माझ्या हातात होती. दहा मिनिटं वाद घातला, मी ऐकून घेतलं आणि गाडी वळवली.

अल हमरापर्यंत कुणी बोललं नाही. मग निझवाजवळ आम्ही फलज बघायला थांबलो. डोंगराखालचं पाणी उतारावर बारीक पाटाने गावात आणणारी ही जुनी योजना. अशा पाच फलजांना युनेस्कोने 2006 साली जागतिक वारशात घेतलंय. बागांना पाणी इथे वेळ वाटून मिळतं, तुझी पाळी, माझी पाळी. सीएला हिशोब आवडला. पाटात पाय सोडून बसल्यावर तो थोडा नरमला. मग हायवेने मस्कत, शावरमा, एअरपोर्ट.

त्या दिवशी वादीला पाणी आलं का? माहीत नाही. मस्कतवाल्यांनी नंतर दोघा-तिघांना विचारलं, पण त्या बाजूला कुणी गेलंच नव्हतं. सीएच्या मते रस्ता ठणठणीत कोरडा होता. रुस्ताकच्या रूमचे त्याच्या वाट्याचे पैसे तो दर वाढदिवसाला माझ्याकडे मागतो, मी देत नाही.